दुधाची लाईन आणि तपणारी गाडी

२१ एप्रिल २००९. भर दुपारी मी हातपंपावर दुधाचे कॅन घासत बसले होते. दूध नासलेला कॅन नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी राखेने घासायचा, मग सोड्याचं गरम पाणी फिरवायचं, झाकणाचं रबर काढून त्याखालची चिकट कड बोटाने खरवडायची आणि शेवटी कॅन उन्हात पालथा घालायचा. जराही वास राहिला तर दुसऱ्या दिवशीचं दूधही गेलं म्हणून समजा.

त्या सकाळी तुमसरच्या दूध केंद्रावरून माझे दोन्ही कॅन परत आले होते. तिथे काचेच्या नळीत थोडं दूध घेऊन ज्योतीवर धरतात. चांगलं दूध वर येतं, नासत चाललेलं फाटतं. माझं फाटलं. त्या महिन्यातली ही दुसरी खेप. केंद्रावरचे भाऊ आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागतं.

"बाई, मी दोनदा सांभाळून घेतलं. आता पुन्हा असं झालं तं तुमची लाईन टेम्पोवाल्याले द्यावी लागन. वरून मले विचारतेत."

"गाडी तपून राहिली भाऊ. दूध चांगलं आहे माहं."

"हे मले मालूम आहे न. नळीले नाही मालूम."

लाईन म्हणजे दूध गोळा करत जाण्याचा ठरलेला रस्ता. माझी लाईन जंगलाच्या कडेच्या आमच्या टोल्यापासून, म्हणजे छोट्या वस्तीपासून, सुरू व्हायची, मधला चढ ओलांडून आंबागडला उतरायची आणि तिथून तुमसरला केंद्रावर संपायची. दूध घालणाऱ्या बहुतेक बायाच. कोणाच्या घरी एक म्हैस, कोणाकडे दोन गाई. टेम्पोवाला आमच्या कच्च्या रस्त्याला येणार नव्हता, तो डांबरीवरचंच दूध उचलणार होता. म्हणजे लाईन गेली असती तर माझ्या एकटीचं काम गेलं नसतं, त्या साऱ्या बायांचं दूध घरातच राहिलं असतं. कॅन घासताना माझ्या डोक्यात हेच चाललं होतं.

हे काम मुळात माझं नव्हतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराला नवऱ्याने सायकलवर दुधाचा रतीब सुरू केला. चिखल्याच्या खाण कॉलनीत घरोघरी मापाने दूध घालायचा. पुढे त्याने मोटारसायकल घेतली, मागे लोखंडी चौकट बसवून दोन्ही बाजूंना कॅन टांगले. मग एका पावसाळ्यात धानाच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई टाकली. काठी घेऊन चालायला लागला, पण किक मारणं आणि ओझ्याची गाडी तोलणं संपलं.

गाडी दारात उभी होती आणि म्हशी दूध देतच होत्या. मी म्हटलं, मला शिकवा. त्याने खळ्यात खाट टाकायला लावली आणि तिच्यावर पडून मला शिकवलं.

"क्लच हळू सोड, हळू! म्हशीले हाकलून राहिली का वो?"

"म्हस 'हो' मन्ल्यावर थांबते तरी!"

"ब्रेक मन्ते तिले. पायाखाली आहे. पाय कुठं आहे तुहा?"

साडीच्या आत त्याची जुनी पॅन्ट घालून मी शिकले. दोनदा पडले, दोन्ही वेळा कॅन रिकामे होते. दारोदार माप घेऊन हिंडण्याइतका वेळ मला नव्हता आणि जिभेवर तेवढी साखरही नव्हती, म्हणून मी रतीब बंद करून केंद्राशी बोलणं केलं. तिथे भाव फॅटवर मिळतो. साऱ्या लाईनच्या दुधाचं मिळून फॅटचं ॲव्हरेज काढतात. ते चढलं की बरं, उतरलं की सगळ्यांच्याच भावाला मार. हे सारं मी तिथे उभी राहून शिकले. नवऱ्याचा रतीबाचा काळ मापाचा होता, त्यात हे काही नव्हतं.

मार्चअखेर ऊन वाढायच्या आत गाडीची सर्व्हिसिंग करून घ्यायची असं मी ठरवलं. आजवर रस्त्यावरच्या मिस्त्रीकडेच काम व्हायचं, पण त्या वर्षी पैसे हातात होते आणि उन्हाळाभर गाडी बिनघोर चालावी असं वाटत होतं. म्हणून तुमसरच्या शोरूममध्ये टाकली. नवरा मागे बसून आला होता. मला ढेप, म्हणजे म्हशीची पेंड, आणि तिचं औषध घ्यायचं होतं, त्यामुळे त्याला तिथल्या कूलरसमोरच्या खुर्चीवर बसवून मी बाजारात गेले. परत आले तर गाडी धुऊन पुसून उभी. उभ्या जागी चालू केली तर शिवणयंत्रासारखी एकसुरी आवाज करत होती. मी खूश झाले.

खुशी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकली. भरले कॅन घेऊन चढाला लागले आणि पोटऱ्यांना धग लागायला लागली. रेस सोडली की सायलेंसर फटफट करायचा. अर्ध्या चढावर गाडीचा जीव जायला लागला आणि माथ्यावर पोचता पोचता ती बंद पडली. किक मारली तर पाय परत यायचा, गाडी काही बोलायची नाही. तशीच उतारावरून गडगडत आंबागडला उतरले.

आंबागडात शिरताना पहिलं घर मावशीचं. नात्याची नाही, पण तिच्या दोन गाईंचं दूध पहिल्या दिवसापासून माझ्याच कॅनमध्ये. उंबऱ्यात मोहाची फुलं निवडत बसली होती.

"काहून वो, आज बिनआवाजाची आली?"

"गाडी तपली, मावशी."

"ताप आला मन. डॉक्टरले दाखवली न कालच?"

"दाखवली, तवापासूनच आला."

"मंग डॉक्टरच बदल." तिने मोह बाजूला सारला आणि माझ्या कॅनला हात लावून पाहिला. "अवं, हे तं कढून राहिलं. आण इकडे."

तिने विहिरीचा दोर काढला. कॅनच्या कड्यांत बांधला आणि आम्ही दोघींनी मिळून एकेक कॅन विहिरीत सोडला, झाकण तेवढं पाण्यावर राहील असा. गाडी निवेपर्यंत दूध विहिरीत. त्यानंतर हा रोजचा क्रमच झाला. मी उतारावर दिसले की मावशी दोर घेऊन उभी असायची. कधी तिची सून, कधी शेजारची बाई हात लावायची. कोणाला बोलवायला जावं लागलं नाही.

माझ्याकडून करायचं ते सगळं केलं. ऑइल काढून पाहिलं, बरोबर खुणेपर्यंत होतं. आमच्या रस्त्याने मँगनीजचे ट्रक जातात, त्यांची काळी धूळ इंजिनाच्या पट्ट्यांत बसते. ती काडीने कोरून काढली. अंधार असतानाच दूध घ्यायला सुरुवात केली. बाया कुरकुरल्या, पण उठल्या. वाटेत जो भेटेल तो सल्ला द्यायचा, इंजिनावर ओलं पोतं टाका. कॅनवर मी टाकतच होते, पण लालबुंद तव्यावर पाणी टाकलं की काय होतं हे मला ठाऊक आहे. इंजिनावर टाकलं नाही.

एकदा आंबागडच्या पुढे, सपाट रस्त्यावर, सावलीचं झाड नाही अशा ठिकाणी गाडी उभी राहिली. मागून मँगनीजचा रिकामा ट्रक आला. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, गाडी को बैठने दो, दूध को मत बिठाओ." दोन्ही कॅन त्याने केबिनमध्ये घेतले आणि केंद्रावर उतरवून दिले. मी मागून पोचले तेव्हा दूध टाकीत गेलेलं होतं आणि तो निघून गेला होता. तो माणूस मला पुन्हा भेटला नाही.

शोरूममध्ये मी मधेच एकदा जाऊन आले होते. त्यांनी गाडी बाजारातून एक चक्कर फिरवून आणली आणि काउंटरवरचे साहेब म्हणाले, "काही नाही मॅडम, उन्हाळा आहे." मी गाडी घेऊन परत आले. उन्हाळा तर होताच.

एवढं सगळं होऊनही दोनदा दूध नासलं. ज्या दिवशी मावशीच्या विहिरीपर्यंत सांभाळलेलं दूध पुढे तुमसरच्या वाटेवर अडकलं, ते दोन दिवस.

तर त्या दुपारी कॅन घासून झाले. उन्हात पालथे घातले आणि सुकेपर्यंत ओसरीत बसले. बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. शोरूमवाल्यांनी गाडी दोन्ही वेळा रिकामी चालवली होती. रिकामी तर माझीही तपत नव्हती. मी उठले, कॅन पुन्हा हातपंपाखाली धरले आणि तोंडापर्यंत पाण्याने भरले.

"आता काय पाणी विकून राहिली?" नवऱ्याने खाटेवरून विचारलं.

"शोरूमले पाजतो," मी म्हटलं आणि निघाले.

वाटेत अर्थातच थांबावं लागलं. पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. साहेबांनी मला पाहून आधीच हात जोडले.

"मॅडम, ट्रायल आमी घेतली आहे. गाडी ओके आहे."

"रिकामी ओके आहे. माहं दूध रिकाम्या गाडीवर नाही जात."

ज्याने गाडीचं काम केलं होतं तो मिस्त्री तिथेच होता. तिशीचा, मिशीवाला. काम आटोपून कपडे बदलून उभा होता. पांढरा शुभ्र इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. चुलत भावाचं लग्न होतं तुमसरातच, संध्याकाळी लागायचं होतं. त्याला माझं बोलणं झोंबलं.

"काकू, माह्या हातची गाडी रस्त्यात बंद पडतच नाही."

"मंग चाल. आंबागडच्या पुढचा चढ चढवून दाखव. नाही पडली बंद तं मी पुन्हा तोंड नाही दाखवत इथं."

साहेब म्हणाले, "जाऊ दे बे, तुले लग्नाले जायचं आहे." पण तो हट्टाला पेटला होता. "एका घडीचं काम आहे. यांचा शक काढून टाकतो." त्याने आपल्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि भरल्या कॅनच्या माझ्या गाडीवर बसला. त्याची गाडी बटणावर चालू होणारी होती. मी तोवर अशी गाडी चालवली नव्हती. चालवली.

आंबागडला मावशीच्या घरासमोरून आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात होती. "डॉक्टर घरीच घेऊन चालली का वो?" ती ओरडली. मिस्त्रीने ऐकलं नाही. तो दोन्ही हातांनी हँडल आवळून बसला होता. ओझ्याची गाडी चढावर मागे ओढते, पुढचं चाक हलकं होतं, हे त्याला त्या दिवशी कळत असावं. अर्ध्या चढावर त्याने गिअर पाडला, मग आणखी एक पाडला. माथा दिसायला लागला आणि गाडी बंद पडली.

त्याने किक मारली. पुन्हा मारली. इंजिनाच्या पट्टीला बोट लावून झटकन मागे घेतलं आणि तोंडात घातलं. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काकू, ही तं भलतीच तपली."

"उन्हाळा आहे न बाप्पा," मी म्हटलं.

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. मोहाच्या सावलीत गाडी लावून आम्ही उभे राहिलो. खरं तर तो तिथूनच परत फिरू शकला असता. गाडी पुन्हा शोरूमला आणा, उद्या पाहतो, असं म्हणाला असता तर मला काही बोलता आलं नसतं. त्याऐवजी त्याने विचारलं, "तुमचं घर किती दूर आहे? माह्या डिक्कीत पाने आहेत."

घरी पोचलो. नवरा ओसरीतल्या खाटेवर उठून बसला आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं. मिस्त्रीने बाह्या वर सारल्या, मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. ब्रेक जरा घासत होता, तो सैल केला. मग प्लग काढला आणि माझ्यापुढे धरला. चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"भाजल्या विटेसारखा पाहिजे हा. इंजिनाले पेट्रोल कमी पडून राहिलं, हवा जास्त. कमी पेट्रोलचा जाळ जास्त कडक असते. खाली रस्त्यावर एकटा माणूस बसला तं चालून जाते. तुमच्यासारखं वजन घेऊन चढाले लावली का तपते."

"मंग पेट्रोल कमी कायले केलं?"

तो थबकला. "काकू, थे तं तुमच्याच घरून सांगतलं होतं."

"कोण सांगतलं?"

मिस्त्रीने खाटेकडे पाहिलं. नवऱ्याने आढ्याकडे पाहिलं.

"मी पेट्रोल कमी करा असं नाही मन्लो," नवरा म्हणाला. "मी फक्त मन्लो का ॲव्हरेज कमी पडून राहिलं, थोडं वाढवून देजा."

आमच्याकडे कोणाही पुरुषाने दुसऱ्याची गाडी पाहिली की पहिला प्रश्न, ॲव्हरेज काय देते? एका लिटरमध्ये किती पळते ते. पोरीसाठी स्थळ पाहतानाही इतक्या लवकर मुद्द्यावर येत नाहीत. आणि शोरूममध्ये ॲव्हरेज वाढवून द्या म्हटलं की मिस्त्री एकच करतो, पेट्रोल आवळतो. त्याने सांगितलेलं काम केलं होतं.

"अन् ॲव्हरेज कमी पडते हे तुमाले कोण सांगतलं?" मी नवऱ्याला विचारलं. "गाडी तं मी चालवतो."

"तूच सांगतलं!"

"मी?"

"होळीपासून तुही एकच रड चालू आहे. सकाळी उठली का ॲव्हरेज उतरलं. जेवाले बसली का ॲव्हरेज उतरलं. झोपेतही बोलत असशीन. मले वाटलं, बाई पेट्रोलपायी परेशान आहे, बोलत नाही, आपणच सांगून टाकू."

मला उलगडायला एक क्षण लागला.

"दुधाचं! फॅटचं ॲव्हरेज! हिरवा चारा सरला, फॅट उतरलं, थे ॲव्हरेज!"

मग नवरा खऱ्याखुऱ्या नवलाने म्हणाला, "दुधाले बी ॲव्हरेज रायते?"

मिस्त्री खाली मान घालून कार्बोरेटर खोलायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"हासून घे गा," नवरा त्याला म्हणाला, "तुहंही लग्न व्हाचं आहे न अजून."

"झालं आहे दादा. म्हणूनच हासून राहिलो."

मला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. केंद्रावरच्या गोष्टी मी त्याला कधी समजावून सांगितल्या नव्हत्या आणि त्याने कधी विचारल्या नव्हत्या. तरी खाटेवर पडल्या पडल्या माझं पुटपुटणं तो ऐकत होता, आणि ज्या दिवशी काही करणं त्याच्या हातात आलं त्या दिवशी त्याने ते केलं. चुकीचं केलं, पण माझ्यासाठी केलं. मी चुलीकडे गेले आणि चहा ठेवला. दुधाचा धंदा करणाऱ्या घरात त्या दिवशी चहाला घालायला दूध नव्हतं. सकाळचं सगळं नासलं होतं आणि म्हशीला अजून पिळायचं होतं. काळा चहा दिला. मिस्त्रीने दोन घोटांत संपवला.

कार्बोरेटरमध्ये बोटाएवढी लांब एक सुई असते. तिला वरच्या बाजूला खाचा असतात आणि एका खाचेत बारीक लॉक बसवलेलं असतं. लॉक वरच्या खाचेत असलं की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. त्याने ते खालच्या खाचेत आणलं. बाहेरचा स्क्रू थोडा थोडा फिरवत, मधे मधे रेस देत, कान लावून बसला. आवाज आता शिवणयंत्रासारखा नव्हता, जरा भरड होता.

"आता ही पेट्रोल जास्त पिईन, काकू. मंग मले नाही म्हणायचं."

"पिऊ दे. म्हशीले ढेप टाकतोच न आपण."

तो उठला तेव्हा शर्टाच्या पुढच्या बाजूला काळ्या ग्रीसचा पंजा उमटला होता. बहुतेक घाम पुसताना लागला. त्याने खाली पाहिलं आणि नुसतं "जाऊ द्या" म्हणाला. सूर्य आंबागडच्या किल्ल्याच्या टेकडीमागे चालला होता. लग्न लागायची वेळ झाली होती.

"थांब गा," नवरा खाटेवरून उठला. काठी न घेता आत गेला आणि पेटीतून आपला फिक्या निळ्या रंगाचा शर्ट घेऊन आला. सळई टाकल्यापासून तो कुठल्या लग्नाला गेला नव्हता, त्यामुळे घडी मोडलेली नव्हती. "हा घाल. ढिला होईन, पण लग्नात कोण पाहते."

"नाही दादा, असू द्या."

"घाल मन्तो न! वऱ्हाडात लोक मन्तीन, गॅरेजातून उचलून आणला."

त्याने घातला. खांद्यात ढिला होता, लांबीला बरा होता. मग पाण्याचे कॅन चौकटीत तसेच ठेवून पुन्हा माझ्या गाडीवर बसला, कारण आमच्या बाजूने चढ जास्त खडा आहे आणि त्याला तो पाहायचाच होता. मी त्याच्या गाडीवर मागे मागे. कुठे गाडीचा आवाज बसतो याच्याकडे माझे कान लागले होते. माथा आला. आवाज बसला नाही. माथा ओलांडून तो उतारावरून मावशीच्या दारात जाऊन थांबला. मी पोचले तेव्हा तो इंजिनाजवळ हात धरून उभा होता. गरम होतंच, पण हात धरवत होता. मावशी दोर घेऊन बाहेर आली होती.

"राहू दे मावशी, पाणी आहे आत," मी म्हटलं.

"पाण्यालेही विहिरीत सोडाचं का मंग?" ती म्हणाली आणि मिस्त्रीला वरून खालून पाहिलं. "हा का डॉक्टर? दिसते तं नवरदेव."

त्याने घड्याळ पाहिलं, किल्ल्या बदलल्या आणि निघाला. पैशांचं विचारलं तर म्हणाला, काम माह्याच हातचं होतं. मी एवढंच म्हटलं, लग्नात पोटभर जेव. पुढे कितीतरी वर्षं माझी गाडी त्याच्याच हाताखाली राहिली. शोरूम सोडून त्याने स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा तिकडे. निळा शर्ट धुऊन, इस्त्री करून आठवड्याभरात परत आला. नवऱ्याने तो पेटीत ठेवला नाही, रोजच्या कपड्यांत टाकला.

त्या महिन्याचा विचार केला की त्रास आधी आठवत नाही. दोर आठवतो, ट्रकची केबिन आठवते, केंद्रावरच्या भाऊंनी दोनदा सांभाळून घेतलेलं आठवतं, अंधारात उठून म्हशीला पिळणाऱ्या बाया आठवतात. माझ्या एका गाडीसाठी इतकी माणसं खोळंबली आणि कोणी ते बोलून दाखवलं नाही. त्या वेळी मी कोणाला धड धन्यवादही म्हटले नाहीत. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत, म्हटलं तर माणूस परका झाला असं वाटतं. इथे लिहिते आहे, ते पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला निघाले, अंधारात नाही. टोल्यावरचं दूध घेतलं, कॅनवर ओलं पोतं टाकलं आणि चढाला लागले. माथ्यावर थांबले नाही. मावशीकडचं आणि आंबागडातल्या बाकी घरांचं दूध घेतलं, झाकणं दाबून बसवली आणि तुमसरचा रस्ता धरला. केंद्रावर माझ्या पुढे दोघं होते. माझी पाळी आली तशी भाऊंनी नळीत दूध घेतलं, ज्योतीवर धरलं आणि आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत राहिलो. दूध फुगलं, वर आलं, काठापर्यंत चढलं. त्यांनी नळी बाजूला ठेवली, दोन्ही कॅन स्वतःच्या हाताने उचलून टाकीत ओतले आणि म्हणाले, "आणा मंग रोज." टेम्पोवाल्याचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. मी कॅन तिथल्याच नळावर धुतले, चौकटीला बांधले, बाजारातून ढेपेचं पोतं घेऊन पेट्रोलच्या टाकीवर आडवं टाकलं आणि ऊन चढायच्या आत घरी आले.